तीन पाण्यांनी धुतलेली धायटी

गुलाबसिंग वैद्याच्या रांजणात आसव उठेना, आणि त्याचं खापर त्यानं माझ्या मायच्या डोक्यावर फोडलं. मी तेव्हा त्याच्याच औषधालयात कामाला होते, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं. राग अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

मालेगावात वाशिमच्या रस्त्याला त्याचं घर आणि घरातच औषधालय. त्याच्या बापापासून द्राक्षासवाचं नाव होतं. भूक मेली, खोकला हटेना, बाळंतीण अशक्त झाली की लोक मेडशी-किन्हीराजाकडून एसटीनं येऊन बाटली घेऊन जायचे. मी सातवी पास. बाटल्या धुवायच्या, वाळवायच्या आणि चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढं माझं काम. बसायची जागा अंगणातल्या पत्र्याखाली. मी धुतलेल्या बाटल्या आत गेल्या की वैद्याची बायको, ठकुराइन, त्या पुन्हा उकळून काढायची. जंतू मरतात म्हणे. आम्ही छप्पन साली बुद्धाला शरण गेलो, देशाचा कायदा झाला, वैद्यही ओट्यावर बसून आता कोण शिवाशीव पाळतं असं चारचौघांत म्हणायचा. सुंभ जळला होता, पीळ तेवढा आतल्या खोलीत जपून ठेवला होता.

त्या आतल्या खोलीत सात रांजण होते. तिथं वैद्य आणि त्याची बायको, दोघांशिवाय कोणी पाऊल ठेवायचं नाही. औषधाला वारा लागतो, असं तो सांगायचा. दोन वर्षं ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं की वारा म्हणजे मी.

पण भिंतीला कान असतात तसे मलाही होते. आसव कसं होतं ते मला खोलीत न जाता कळलं. मनुका उकळून काढा करायचा, तो निवला की त्यात गूळ विरघळवायचा आणि मग धायटीची वाळलेली फुलं टाकायची. धायटी म्हणजे डोंगरउतारावरचं झुडूप, शिमग्याच्या आगेमागे लालभडक फुलतं. फुलं पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रांजण बोलायला लागतो. आधण यायच्या आधी भांडं करतं तसा बारीक आवाज. तोंडाशी जळती काडी धरली तर विझते. आवाज थांबला आणि काडी जळत राहिली की आसव झालं. आणि आवाज मध्येच बंद पडला, आत गोड तसंच राहिलं, तर म्हणायचं रांजण बसला. बसलेल्या रांजणाला आधी सडक्या अंड्याचा वास येतो, मग वर पांढरी साय धरते, मग तो फेकावा लागतो.

ही धायटी माझी माय आणायची. तिचं नाव भागिरथा. मेडशीच्या डोंगरात तीस वर्षं तिनं फुलं तोडली. माघाच्या शेवटापासून चैत्रापर्यंत पहाटे निघायची, काट्यातून, घसरणीवरून ओटीभर ओटीभर गोळा करायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात वाळवलेलं फूल मेलेलं असतं, असं तिचं म्हणणं. माझा बाप लवकर गेला, मला तिनं या फुलांवर वाढवलं. गावात तिला भागिरथा कमी आणि धायटीवाली जास्त म्हणत. तिच्याजवळ शेत नव्हतं, मुलगा नव्हता. हे नाव मात्र होतं.

तीस वर्षं ती फुलं वैद्याच्या घरी ग्यानबा माळ्याच्या बैलगाडीतून गेली. ग्यानबा आमच्या अंगणातून गोणी उचलायचा आणि मालेगावची वेस ओलांडेपर्यंत ती फुलं ग्यानबाची झालेली असायची. माय म्हणायची, जाऊ दे, गाडी त्याची आहे. मग दुष्काळाच्या साली ग्यानबा वारला. त्याच्या मुलानं, देवलानं, बैल विकले. मायनं गोणी डोक्यावर घेतली, एसटीच्या टपावर चढवली आणि स्वतः मालेगावला उतरली. मी पत्र्याखालून बघत होते. वैद्यानं तिला विचारलं, ग्यानबाला फुलं कोण द्यायचं? ती म्हणाली, मीच. त्यानं एकदा गोणीकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, ठेव तिकडे ओट्याच्या खाली.

मला अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू. माझी माय आपल्या पायांनी, आपल्या नावानं आली होती.

ती गेल्यावर वैद्याच्या बायकोनं अंगणात पितळी घंगाळं मांडलं आणि फुलं धुवायला घेतली. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. मग धुवट लुगड्यावर पसरून वाळवली. ग्यानबाच्या वेळी असं करायच्या का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, दुष्काळाची धूळ लई हाये बाई. आता गुळाच्या ढेपीला मुंगळे चिकटलेले असायचे, गोणपाटाचे धागे असायचे. ते बोटांनी उपटून गूळ तसाच रांजणात जायचा. गुळाला धूळ लागत नव्हती. पण तेव्हा मी त्यावर विचार केला नाही.

त्या साली सातातले तीन रांजण बसले. वैद्य म्हणाला, दुष्काळ, गुळात कस नाही. पुढच्या साली पाऊस बरा झाला, गूळ पिवळाधमक आला आणि पाच बसले. मग त्यानं काय काय केलं ते बघायला हवं होतं. रांजणांना गोणपाट गुंडाळलं. कडबा रचला. पुन्हा गूळ ओतला, जणू उपाशी पोराला साखर चारली की ते धावायलाच लागेल. शेवटी त्याचा साळा गोविंदसिंग आला. तो सोसायटीत खताच्या पोत्यांवर बसायचा. कपाशीला दम येतो तर याले काहून येनार नाई, असं म्हणून त्यानं एका रांजणात दोन मुठी युरिया टाकला. आणि गंमत अशी की रांजण उठला. तीन दिवस असा उठला की फेस जमिनीवर आला. वैद्य खूश. चौथ्या दिवशी खोलीला गोठ्याचा वास सुटला आणि तो रांजण मलाच परसात नेऊन पालथा करायला लावला. फेकायच्या वेळी माझा वारा चालत होता.

पंच्याहत्तर सालच्या फाल्गुनात पहिला रांजण भरला आणि चौथ्या दिवशी तोही गप्प झाला. त्या दिवशी ओट्यावर सात-आठ पेशंट बसलेले. मी बाटल्यांची टोपली घेऊन जात होते. वैद्यानं मला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लिला, तुह्या मायच्या फुलात दम नाई राह्यला. म्हातारी झाली, कुठचा बी पालापाचोळा भरून आनते. ग्यानबाची फुलं कशी असायची. तसा मानूसच गेला."

नाचता येईना अंगण वाकडं, हे म्हणायला किती सोपं आहे. तीच फुलं, तोच डोंगर, तेच हात. तो पुढं म्हणाला की घरात पडलेली एक गोणी शेवटची, यापुढं भागिरथानं यायची तसदी घेऊ नये. किन्हीराजाची एक म्हातारी हातातली बाटली खाली ठेवून माझ्याकडं बघत होती, जणू मीच तिच्या औषधात माती कालवली होती. घरी येऊन मी माझ्या नवऱ्याला, जानरावला, सांगितलं. तो शाळेत शिपाई. तो म्हणाला, नोकरी आहे ती सांभाळ, तोंड आवर. मी त्या रात्री त्याला जेवण वाढलं, पण बोलले नाही.

कारण सापडलं ते म्हशीमुळे.

वैद्याच्या बायकोचा हात फार काटकसरीचा. फुलं धुतलेलं लाल पाणी ती फेकायची नाही. परसातल्या म्हशीच्या दगडी डोणीत ओतायची, त्यातच गुळाच्या कढईचं धुवण आणि मूठभर सरकीची पेंड. त्या आठवड्यात म्हैस दोन दिवस रानात होती, डोण भरलेलीच राहिली. तिसऱ्या दिवशी मी बाटल्या घासत होते तर डोणीतून बारीक आवाज. जवळ जाऊन पाहिलं. वर फेस, आणि वास असा की डोळे मिटले तर आपण त्या आतल्या खोलीत उभे आहोत असं वाटावं. संध्याकाळी म्हैस आली, डोण चाटूनपुसून रिकामी केली आणि थोड्या वेळानं चारही पाय चार दिशांना टाकत गोठ्याऐवजी तुळशीकडं निघाली. मग खाली बसली आणि उठेना. वैद्यानं तिची नाडी नाही पण कान तपासले आणि बाहेरचं काही असेल म्हणून मिरच्या ओवाळायला सांगितल्या.

मी तोंडाला पदर लावून हसले, आणि हसता हसता थांबले. रांजणात जे होत नव्हतं ते म्हशीच्या डोणीत आपसूक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन मेडशी गाठली. मायनं आसव कधी चाखलं नव्हतं. छप्पन साली पंचशील घेतलं तेव्हापासून नशेचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, औषध म्हणूनही नाही. रांजण तर तिला कोणी दाखवलेलाच नव्हता. पण मी म्हशीची गोष्ट सांगितली आणि तिनं एकच विचारलं, फुलं धुतात का? मी हो म्हणाले. किती पाण्यांनी? तीन.

ती उठली, मडक्यातून एक फूल काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, चोख. मी चोखलं. वाळलेलं असूनही जिभेवर गोडी आली, पिवळी भुकटी बोटाला लागली. मग तिनं तसंच दुसरं फूल तांब्यातल्या पाण्यात विसळून, पिळून दिलं. गवताची काडी चोखावी तसं. तिनं सांगितलं की गूळ खाऊन त्याचं आसव करणारा जीव त्या फुलावरच बसलेला असतो, आणि त्या जीवाला नुसता गूळ पुरत नाही, त्याचं खरं खाणं फुलातल्या त्या मधात आणि भुकटीत असतं. म्हाताऱ्या वैद्याला, गुलाबसिंगच्या बापाला, हे ठाऊक होतं. तो ग्यानबाला निरोप द्यायचा की अर्धी फुलं आज पाठव, अर्धी चौथ्या दिवशी. रांजणाचं दुसरं जेवण, असं म्हणायचा. पहिल्या जेवणावर तो उठतो, आणि गूळ तिसरा हिस्सा संपला की दमतो. तेव्हा दुसरं दिलं नाही तर बसतो. पोरानं बापाची खोली घेतली, औषध विकायची गादी घेतली, एवढं मात्र घेतलं नाही.

"तो माह्या हाताचा विटाळ धुते," माय म्हणाली, "अन् धुताना रांजणाचा जीव बी धुते अन् त्याचं जेवन बी धुते." एवढं बोलून ती चुलीकडं वळली. तिला राग आलेला मला दिसला नाही. मला आला होता, दोघींच्या वाटचा.

एसटीत बसून मी ठरवलं की नोकरी गेली तरी चालेल. माझ्या मायची फुलं खराब नाहीत, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. तेही त्याच ओट्यावर, पेशंटसमोर.

वदवून घेता आलं नाही. मी ओट्याशी उभी राहिले आणि म्हशीपासून सगळं सांगितलं. दोन वाट्या आणल्या होत्या, एकीत न धुतलेली फुलं, दुसरीत धुतलेली. दोन्ही चोखून बघा म्हणाले. वैद्यानं धुतलेल्या वाटीतलं फूल उचललं, जिभेला लावलं. मग न धुतलेल्या वाटीकडं हात नेला आणि तो हात वाटीवर तसाच थांबला. मायच्या हातचं, पाणी न लागलेलं फूल. किती वेळ थांबला असेल कोण जाणे, पण ओट्यावरच्या प्रत्येकानं तो हात पाहिला. मग त्यानं हात मागं घेतला आणि बाटलीचं बूच काढायला लागला.

त्याला कळलं होतं. मूर्ख नव्हता तो. मूर्ख असता तर मला एवढा संताप आला नसता.

दुपारी त्यानं मला परसात बोलावलं. आवाज मऊ केला होता. "तू म्हनते ते खरं असंन," तो म्हणाला. "फुलं तुह्या मायनंच तोडावी, तिच्यासारखी पारख कोनाले नाई. फक्त गोनी देवलाच्या हातानं येईन. ग्यानबाच्या पोराची फुलं म्हनून घरात येतीन. मंग धुवायचं काम नाई. ठकुराइनले बी मी तसंच सांगीन."

मी विचारलं, देवलानं आणली की धूळ लागत नाही का? त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं की वाद घालू नको, यात तुमचंही भलं आहे, आमचंही. ग्यानबाच्या वेळी तुम्हाला कुठं काय त्रास होता?

म्हणजे फूल तेच हवं, हात तोच हवा, फक्त तो हात दिसायला नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी शिव्या देऊन घरी गेले असते. हा माणूस हो म्हणत होता आणि ते हो नाहीपेक्षा वाईट होतं. मी टोपली तिथंच ठेवली, हिशेबही मागितला नाही आणि चालू लागले.

मेडशीला पोचले तर माझ्या आधी देवला पोचलेला. वैद्यानं सायकलवरून माणूस धाडला होता. देवला आमच्या दारात उकिडवा बसून मायला समजावत होता की काकू, तुले काय फरक पडते, माह्या बापाच्या टायमाले चालत होतं तसंच चालू दे, मले बी दोन घास मिळतीन. माय पाय पसरून फुलं निवडत होती. मी काही बोलायच्या आधीच तिनं देवलाला सांगितलं, परवा ये, गोणी तयार ठेवते.

देवला गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. आयुष्यात तिच्याशी अशी बोलले नव्हते. म्हटलं, तुझ्यासाठी मी नोकरी लाथाडून आले आणि तू पुन्हा दुसऱ्याची गोणी भरतेस. तीस वर्षं पुरली नाहीत का? बाबासाहेबांनी काय याच्यासाठी सांगितलं होतं का? ती निवडत राहिली. मी रडले, ओरडले, शेजारची भुरीबाई डोकावून गेली. मायनं शेवटी एवढंच म्हटलं, "जेव अन् झोप. सकाळी नाल्यावर यायचं हाये."

सकाळी तिनं गोणी डोक्यावर घेतली. मला वाटलं ती फुलं रानात नेऊन फेकणार, आणि मला बरं वाटलं. नाल्याला पाणी थोडंच होतं, खडकाच्या खोलगटात साचलेलं. तिनं गोणी सोडली, टोपलीत फुलं भरली आणि टोपली पाण्यात बुडवली. हातानं चोळली, हलवली, वर काढून निथळू दिली. पाणी लाल झालं. ते तिनं वाहतं केलं आणि टोपली पुन्हा बुडवली.

मी म्हटलं, माय, हे काय करून राह्यली तू?

"देवलाची फुलं तो धुनार नाई," ती म्हणाली. "अन् माह्या हातची त्याले धुतल्याबिगर चालत नाई. मंग म्याच धुवून देते."

मी म्हटलं, रांजण बसतील. सातही बसतील. ती म्हणाली, बसू दे. मी म्हटलं, पुढच्या साली कोणी फुलं घेणार नाही, तू खाशील काय? तिनं मेडशी फाट्याकडं हनुवटी केली. तिकडं रोजगार हमीचं रस्त्याचं काम चालू होतं, बायका रांगेनं बसून खडी फोडत होत्या. तिथं हजेरीच्या कागदावर नाव लिहितात, एवढंच ती म्हणाली.

तेव्हा मला पहिल्यांदा तिचा राग दिसला. माझ्यासारखा तोंडात नव्हता तो, मनगटात होता. तीस वर्षं सावलीत वाळवलेलं, वाऱ्यापासून जपलेलं एकेक फूल ती अशी पिळत होती की पाकळ्यांचा लगदा व्हावा. तिचे डोळे कोरडे होते. मला वाटलं तिला थांबवावं. ही फुलं तिची होती, त्यांचा काय गुन्हा?

मी थांबवलं नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, तिच्यासमोर पाण्यात बसले आणि दुसरी टोपली भरली. पहिलं पाणी तिनं काढलं होतं. दुसरं आणि तिसरं मी काढलं.